कडू सफरचंदांची बाग

तासगावकडच्या माणसाला छाटणी शिकवायला कुणी जाऊ नये, असा माझा आयुष्यभराचा समज होता. आमच्याकडे पोराला मिसरूड फुटायच्या आधी हातात कात्री येते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि मधल्या काळात घरात दुसरा विषय नाही. मी स्वतः हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो. पण सुट्टीच्या दिवशी अण्णांच्या द्राक्षबागेत डोळे मोजून काडी राखण्याचे काम मीही केले आहे. हा सगळा तोरा इंग्लंडमधल्या एका शहात्तर वर्षांच्या बाईंनी डिसेंबरातल्या एका सकाळी अवघ्या दहा मिनिटांत उतरवला.

आमची मुलगी हेरफर्ड शहरात नोकरीला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो, ते थेट मार्चपर्यंत राहायला. थंडीत जाऊ नका, असे झाडून सगळ्यांनी सांगितले होते आणि ते खरेच होते. चार वाजता अंधार, दिवसभर भुरभुर पाऊस, रस्त्यावर बोलायला माणूस नाही. आठवड्याभरातच मी खिडकीशी बसून आढ्याकडे पाहू लागलो. मग मुलीने कुठूनसे शोधून काढले, की जवळच्या एका खेड्यात गावकऱ्यांनी मिळून राखलेली सफरचंदाची बाग आहे आणि तिथे शनिवारी सकाळी हौशी मंडळींना झाडे लावायला आणि छाटायला शिकवतात. "बाबा, जा की. तुमचाच विषय आहे," ती म्हणाली. बुटांवर दुसरे बूट चढवून मी निघालो.

हेरफर्डशायर हा परगणा वेल्सच्या सीमेला टेकलेला आहे. वाय नदीचे पाणी, तांबडी माती, पांढऱ्या तोंडाची तांबडी गुरे आणि सफरचंद. पण हे सफरचंद आपण आजाऱ्याला घेऊन जातो ते नव्हे. बागेत पोचलो तेव्हा गवतात लहान लहान, डागाळलेल्या, पिवळ्या-लाल फळांचे ढीग पडले होते. एवढी फळे मातीत लोळत असलेली पाहून जीव कळवळला. एक उचलून पुसले आणि दात लावला. पहिला क्षण गोड, आणि मग हिरडा चावल्यासारखी जीभ टाळूला चिकटली. आजूबाजूची मंडळी हसू लागली. नव्या माणसाची ही परीक्षा ठरलेलीच असते म्हणे!

ही फळे खायची नसतात, प्यायची असतात. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेले मद्य. इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या परगण्यांत, सॉमरसेट, डेव्हन, हेरफर्डशायर, ग्लॉस्टरशायरमध्ये, ते शतकानुशतके घरोघर होत आले. शेतमजुराला मजुरीचा काही भाग सायडरमध्येच मिळे. कापणीच्या दिवसांत तो आपले लहानसे लाकडी पिंप घेऊनच शेतावर जाई. ही प्रथा बंद करण्यासाठी १८८७ साली कायदा करावा लागला. कायदा झाला तरी नंतर बरीच वर्षे शेतकरी मजुराला सायडर देतच राहिले, हे सांगायला नकोच.

आता एक कबुली आधीच देऊन टाकतो. आमचे अण्णा माळकरी. द्राक्षे लावली, पण आयुष्यभर बेदाणा केला आणि खाण्याची द्राक्षे विकली. दारूच्या कारखान्याला एक घडही दिला नाही. त्यांचा मुलगा साता समुद्रापार जाऊन मद्याच्या फळाची लागवड शिकतो आहे, हे त्यांना रुचले असते की नाही कोण जाणे. मी सायडरची चव घेतली की नाही, हे आमच्या हिला विचारू नका.

चांगल्या सायडरला तुरटपणा लागतो. नुसत्या गोड रसाचे पेय पाणचट होते, नुसत्या आंबटाचे घशाला लागते. ब्रिस्टलजवळच्या लाँग अॅश्टन इथे १९०३ साली खास सायडरच्या अभ्यासासाठी संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या प्राध्यापक बार्कर यांनी आम्लता आणि तुरटपणा या दोन मापांवर सफरचंदांचे चार वर्ग केले : गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट. आजही बागाईतदार याच चार शब्दांत बोलतात. गंमत म्हणजे काळ्या करवंदासारख्या 'ब्लॅककरंट'चे रायबेना हे प्रसिद्ध सरबत याच संस्थेतल्या संशोधनातून आले. संस्था २००३ साली, बरोबर शंभराव्या वर्षी बंद झाली. वर्गीकरण मात्र टिकले. बहुतेक जाती रस काढून एकमेकींत मिसळाव्या लागतात. किंग्स्टन ब्लॅकसारखी एखादीच अशी, की एकटीच्या रसात सगळे प्रमाण जमून येते. ती जात मात्र वाढवायला हट्टी आणि रोगाला बळी पडणारी. गुणी माणसांचे असेच असते, असे आमच्या बाई म्हणाल्या.

या बाईंबद्दल सांगायला हवे. त्या गावातल्याच एका शेतकऱ्याच्या पत्नी. नवरा जाऊन सहा-सात वर्षे झालेली. उंच, किंचित वाकलेल्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि कोटाच्या खिशात कायम घडीची करवत. सगळे त्यांना नावाने हाक मारीत. मला ते काही जमेना. मी मनातल्या मनात त्यांना 'बाई' म्हणू लागलो. तेहेतीस वर्षे वर्गात उभा राहिलेला माणूस पुन्हा बाकावर बसला होता.

पहिला शनिवार लागवडीचा. रोपवाटिकेतून कलमे आली ती पाहून मी हबकलो. आपल्याकडे कलम म्हणजे काळ्या पिशवीत मातीच्या हुंडीसकट. इथे चौदा काठ्या, मुळ्या उघड्या, जुडी बांधून पोत्यात घातलेल्या. पाने झडून झाड झोपी गेले की मार्चपर्यंत ते असे उघड्या मुळ्यांनी हलवता येते; फक्त मुळ्यांना वारा लागू द्यायचा नाही. म्हणून लावायच्या क्षणापर्यंत पोते ओले ठेवायचे आणि एका वेळी एकच काठी बाहेर काढायची.

खड्डा खोल नव्हे, रुंद. आधी आधाराचा खुंट ठोकायचा, मग झाड ठेवायचे; उलट केले तर खुंट मुळ्या फोडत खाली जातो. खुंट वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे तिथे नैर्ऋत्येला. खड्ड्यात शेणखत नाही, निघालेली तीच माती परत. "खड्ड्यात मिष्टान्न घातलंत तर मुळ्या तिथंच बसून राहतील, बाहेर पडणार नाहीत," बाई म्हणाल्या. खत, पालापाचोळा सारे वरून. आणि सर्वांत महत्त्वाचे, कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटे राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या जातीला स्वतःच्या मुळ्या फुटतात आणि खालचा खुंट निवडण्याचे सगळे शहाणपण वाया जाते.

हे खालच्या खुंटाचे शास्त्र मला ठाऊक होते. आमच्याकडेही द्राक्ष डॉगरिजवर चढवतात. पण सफरचंदात त्याचा पसारा फार मोठा. केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग इथे १९१३ पासून या खुंटांचा अभ्यास झाला आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक मिळाले. वरची जात तीच. एम नाइनवर चढवली तर माणसाच्या उंचीचे झुडूप, एमएम एकशेसहावर मध्यम झाड, एम पंचवीसवर प्रचंड वृक्ष. मध्यम झाड तीन-चार वर्षांत फळ दाखवते आणि तीस-चाळीस वर्षांत आटोपते. मोठे झाड भरात यायला दहा-बारा वर्षे घेते आणि मग ऐंशी-शंभर वर्षे उभे राहते. आमच्या चौदाही काठ्या एम पंचवीसच्या होत्या आणि दोन झाडांत तीस-तीस फूट मोजून आम्ही खड्डे घेतले होते.

शहात्तराव्या वर्षी बाईंनी हे का निवडले असावे? पुढच्या पिढ्या, वारसा, असे काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून मी कान टवकारून विचारले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मेंढ्या," त्या म्हणाल्या. "खाली मेंढ्या चरायच्या तर फांद्या उंच हव्यात. नाहीतर गवत कोण कापणार, मी?"

दुपारी चहा पिताना त्यांनी जातींच्या गोष्टी सांगितल्या. सफरचंदाच्या बीपासून आईसारखे झाड कधीच येत नाही. प्रत्येक बी म्हणजे नवा जुगार. मग नामांकित जाती आल्या कुठून? बहुतेक कुंपणातून आणि उकिरड्यावरून. आम्ही लावलेल्या चौदांपैकी सहा झाडे डॅबिनेट जातीची. सॉमरसेटमधल्या मिडल लॅम्ब्रूक गावच्या विल्यम डॅबिनेट नावाच्या माणसाला हे झाड कुंपणात आपोआप उगवलेले सापडले. यार्लिंग्टन मिल ही जात त्या गावच्या पाणचक्कीच्या भिंतीतून वर आलेल्या रोपट्याची. त्या एकेका झाडाच्या काड्या कापून कलमे बांधली, त्या कलमांच्या काड्यांची आणखी कलमे. आज हजारो एकरांवर उभे आहे ते खरे म्हणजे एकच झाड. नावेही मजेदार. एका जातीचे नाव 'मेंढीचे नाक', तर दुसरीचे 'स्लॅक-मा-गर्डल', म्हणजे सरळ 'माझा कमरपट्टा सैल करा'!

मी मग त्यांना आमच्या वसंतराव आर्वे यांची गोष्ट सांगितली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या या शेतकऱ्याने आपल्या थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळी वाटणारी वेल हेरली, जपली, वाढवली आणि तिचे नाव झाले तास-ए-गणेश. महाराष्ट्रातल्या बागांमध्ये ती वेल कुठवर पोचली हे वाचकांना सांगायला नको. बाईंनी नाव दोनदा म्हणवून घेतले आणि वहीत लिहून ठेवले. आम्हा दोघांमधला परकेपणा त्या दिवशी संपला, असे मला वाटते.

पण तोरा उतरला तो त्यानंतरच्या शनिवारी.

जुन्या बागेतली साठ-सत्तर वर्षांची काही झाडे कित्येक हिवाळे कात्रीविना राहिली होती. त्यातले एक आमच्या गटाला दिले. बाई म्हणाल्या, "पहिली दहा मिनिटं कुणी काही कापायचं नाही. झाडाभोवती फिरा." आता, द्राक्षाच्या छाटणीत दहा मिनिटे फिरायला वेळ कुणाला असतो? टोळी लागली की दिवसाला बागेचा फडशा. मंडळी फिरत होती तेवढ्यात मी हाताला येणाऱ्या फांदीवरच्या कोवळ्या, पेन्सिलीएवढ्या काड्यांचे शेंडे तासगावच्या सफाईने उडवले. डझनभर तरी असतील. कौतुकाच्या अपेक्षेने मागे पाहिले.

बाई म्हणाल्या, "छान कापता हो तुम्ही. आता इथं खराटा उगवेल."

त्यांनी मग मला फांदी दाखवली. द्राक्षात गेल्या हंगामाच्या काडीवरून जी नवी फूट निघते, तिच्यावर त्याच हंगामात घड येतो. म्हणून आपण दरवर्षी सगळे झाडून कापतो आणि वेल पुन्हा उभी राहते. सफरचंदाचे तसे नाही. यंदाची काडी यंदा फळ देत नाही. दुसऱ्या वर्षी तिच्यावर फुगीर, लवदार डोळे धरतात; ते फळाचे. काडीला चिकटून बसलेले चपटे, टोकदार, ते पानाचे. पुढे त्या जागी सुरकुतलेल्या बोटासारख्या आखूड गाठी तयार होतात आणि त्याच गाठी वर्षानुवर्षे फळ देत राहतात. काडीचा शेंडा उडवला की झाड चवताळते, खालचे तीन-चार डोळे एकदम फुटून सरळ वर धावतात. आपल्याकडे संत्र्याच्या बागेत ज्यांना पानसोट म्हणतात तेच. त्यांना फळ नाही, नुसती सावली. म्हणजे मी दोन वर्षांनंतरची सफरचंदे कापली होती आणि त्यांच्या बदल्यात जळण पेरले होते.

एकतर फांदी मुळापासून काढा, नाहीतर हात लावू नका. हा पहिला धडा. आधी मेलेले लाकूड, मग रोगट, मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या. त्यानंतर थांबायचे आणि पुन्हा झाडाभोवती फिरायचे. मधोमध उजेड आणि वारा खेळला पाहिजे. जुने लोक म्हणत, झाडातून टोपी फेकली तर ती पलीकडे पडली पाहिजे. खाण्याच्या सफरचंदाला रंग आणि आकार हवा म्हणून तिथे छाटणी कडक. सायडरचे फळ बारके असले, खपल्या धरलेले असले तरी भरडलेच जाणार आहे. तिथे छाटणी करायची ती झाडाचा सांगाडा मजबूत राहावा, ओलसर हवेत खोडावर कँकरचे व्रण पडू नयेत आणि वर्षाआड बहराची खोड थोडी आवरावी म्हणून. हो, आपल्या हापूससारखीच यांनाही एक वर्ष उदंड आणि एक वर्ष ठणठणाटाची सवय आहे.

जाड फांदी कापायला तीन घाव. पहिला फांदीच्या खालून, थोडा लांब. दुसरा वरून, त्याच्या पुढे. फांदी पडली की उरलेला खुंटा तिसऱ्या घावाने काढायचा. एकाच घावात कापायला गेले तर फांदी स्वतःच्या वजनाने खोडाची साल सोलत खाली येते. खोडाला फांदी मिळते तिथे किंचित फुगीर कडे असते. कापायचे ते त्या कड्याच्या बाहेर, कडे शाबूत ठेवून. जखम भरून काढणारा भाग तोच. मी सवयीने विचारले, "वरून बोर्डो पेस्ट?" बाईंनी मान हलवली. तिथे आता जखमेला काहीही लावत नाहीत. लेप दिला की आत ओल कोंडते. उघडी ठेवली की झाड स्वतः कड धरते. यावर आमच्या गावी वाद घालणारे पुष्कळ भेटतील; मी फक्त पाहिले ते सांगतो.

त्या झाडावर काढण्यासारख्या अजून बऱ्याच फांद्या होत्या. मी करवत उचलली तेव्हा बाईंनी हात धरला. एका हिवाळ्यात पाव हिश्शाहून जास्त लाकूड काढायचे नाही. नाहीतर घाबरलेले झाड उन्हाळाभर पानसोट फेकत बसते. दुर्लक्षित झाडाला वळणावर आणायला तीन-चार हिवाळे द्यावे लागतात. त्यांनी खिशातून रंगीत फिती काढल्या. निळी म्हणजे पुढल्या हिवाळ्यात, पिवळी म्हणजे त्याच्या पुढल्या, पांढरी म्हणजे तेव्हा बघू. शिडीवर उभा राहून मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे फिती बांधल्या. पांढऱ्याच जास्त झाल्या.

वर चढल्यावर एक ओळखीचा पाहुणा भेटला. बांडगूळ! कोकणात आंब्यावर जे माजते त्याचेच हे दूरचे भावंड. पाने फिकट हिरवी, फळे मोत्यासारखी पांढरी. आपल्याकडे बी पसरवण्याचे काम फुलटोच्या करतो, तिथे ते कस्तुरासारखे पक्षी करतात. आपण ज्याला शिवीसारखे वापरतो ते बांडगूळ इंग्रज नाताळात हौसेने दारावर टांगतात आणि त्याच्याखाली एकमेकांचे चुंबन घेतात. टेनबरी वेल्स या गावी नाताळाच्या तोंडावर त्याचा लिलाव भरतो. घोटाळा असा, की मोत्यांसाठी लोक फळणारे मादी बांडगूळ तेवढे तोडतात आणि नर मागे ठेवतात. मग तोच झाड खाऊन टाकतो. आम्ही नर शोधून आधी काढला.

काम करता करता उरलेली हकिगत कळली. बाईंच्या नवऱ्याने १९९० च्या दशकात सायडरच्या मोठ्या कंपनीशी लांब मुदतीचा करार करून तीस एकरांवर मध्यम उंचीची झाडे ओळीने लावली होती. त्या काळात त्या भागात अनेकांनी तेच केले. पुढे सायडरची मागणी उतरली, कंपन्यांना एवढी फळे नकोशी झाली, करार संपले ते पुन्हा झाले नाहीत. न विकणारे सफरचंद गोळा करायलाही पैसे लागतात. बाईंच्या मुलाने शेवटी यंत्र लावून ती बाग उपटली. तिथे आता गहू आहे. पाणी, फवारणी, मजुरी, कर्ज, सगळा हिशेब त्याच्या बाजूचा होता. "त्याचं चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "पण त्या आठवड्यात मी बहिणीकडे जाऊन राहिले."

मला एकदम आमच्या भावाचा चेहरा आठवला. २०२१ च्या डिसेंबरात अवकाळी पाऊस आला आणि मणी भरत आलेले घड वेलीवरच तडकले. त्याच्या आदल्या वर्षी दर पडलेला, त्याच्या आधी करोना. पुढच्या उन्हाळ्यात त्याने अण्णांच्या हातची दीड एकर बाग काढली. लोखंडी अँगल भंगारात किलोवर गेले. मी त्या दिवशी सांगलीला काही काम काढून गेलो होतो. काम काय होते ते आता आठवत नाही. बाईंना हे सांगायला इंग्रजी पुरेना. पण "अँगल भंगारात" एवढे कसेबसे सांगितले, तर त्यांना ते बरोबर कळले.

जुन्या, उंच झाडांच्या बागांची गत याहून वाईट. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२२ साली जुने नकाशे तपासून मांडले, की इंग्लंड आणि वेल्समधल्या अशा पारंपरिक बागांपैकी १९०० पासून ८१ टक्के नाहीशा झाल्या. जुन्या, आतून पोकळ होत आलेल्या झाडांच्या कुजक्या लाकडात 'नोबल चेफर' नावाचा हिरवा चकाकता, दुर्मीळ भुंगेरा वाढतो. बाग गेली की तोही गेला. म्हणून आता गावे मिळून अशा बागा लावू लागली आहेत. बाईंच्या कपाटात 'हेरफर्डशायर पोमोना' या ग्रंथाची अलीकडची प्रत होती. वूलहोप क्लब नावाच्या तिथल्या निसर्गमंडळाने १८७६ ते १८८५ या काळात परगण्यातल्या सफरचंदांची आणि नासपतींची नोंद करून तो काढला. चित्रे अॅलिस एलिस आणि एडिथ बुल या दोघींनी रंगवली. डागासकट, कीड पडलेल्या खळीसकट रंगवलेले एकेक फळ पाहून हात लावावासा वाटतो. त्या वेळीही मंडळाला हीच काळजी होती, की जुन्या जाती हातच्या जातील.

१७ जानेवारीच्या रात्री बागेत 'वासेल' होता. नाताळानंतरची बारावी रात्र १७५२ पूर्वीच्या जुन्या पंचांगाप्रमाणे या तारखेला पडते; पंचांग बदलले, पण सफरचंदाच्या झाडांना ते कुणी कळवले नाही, असा तिथला विनोद. सॉमरसेटमधल्या कारहॅम्प्टनचा वासेल प्रसिद्ध आहे. आमचा अगदी घरगुती. बुधवार असूनही शंभरेक माणसे मशाली घेऊन जमली. बागेतल्या सर्वांत जुन्या झाडाच्या मुळाशी सायडर ओतली, सायडरमध्ये बुडवलेले पावाचे तुकडे रॉबिन पक्ष्यासाठी फांद्यांवर खोवले आणि मग वाईट शक्ती पळाव्यात, झाड जागे व्हावे म्हणून लोकांनी पातेली, डबे बडवले. दोघातिघांनी बंदुकीचे बार काढले.

आमची ही लातूरकडची. येळवस होऊन जेमतेम सहा दिवस झाले होते आणि परदेशात असल्याने ती चुकल्याची रुखरुख तिच्या मनात होती. माहेरी त्या दिवशी अख्खे गाव शेतात जाते, कडब्याची खोप करून पूजा होते, आंबील शिंपडतात. मुळाशी सायडर ओतताना पाहून ती माझ्या कानाशी म्हणाली, "आंबीलच की हो ही." मग मुलीच्या हातातला डबा घेऊन तिने तो असा बडवला, की शेजारची इंग्रज बाई दोन पावले मागे सरली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. निघण्यापूर्वी बागेत गेलो तेव्हा चौदा काठ्या तशाच काठ्या दिसत होत्या. सशांसाठी खोडाला जाळी, मेंढ्यांसाठी भोवती लाकडी कुंपण, बुंध्याशी हातभर गोल गवत काढलेले. बाईंनी मला प्रत्येक काठीवर वरचे चार डोळे दाखवले. पुढे फांद्या होतील त्या यातूनच, चहूदिशांना एकेक; फार उभ्या वाढल्या तर दोरीने हलकेच खाली ओढायच्या, कारण आडवी फांदी लवकर फळते. मी नेमाने वहीत लिहून घेतले. "हे मला कशाला?" असे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. मुलगी आता माझ्या जागी शनिवारी जाऊ लागली आहे.

मेच्या सुरुवातीला, भर दुपारी तिचा फोन आला. तासगावात त्या वेळी अंगाची लाही होत होती.

"बाबा, तुमच्या डॅबिनेटला फुलं आलीत! कोपऱ्यातल्या. गुलाबी कळ्या आणि उमलल्यावर पांढरी."

"किती आहेत?"

"अकरा. पण बाई म्हणतात सगळी खुडून टाक. पहिली दोन वर्षं फळ धरू द्यायचं नाही, झाडाला आधी लाकूड करू दे म्हणतात. खुडू का?"

आमच्या घराण्यात फूल खुडा असे कुणी कधी सांगितले नसेल. मी म्हटले, "खुड."

पलीकडे थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला.

"एक ठेवू? फोटोपुरतं?"

मी म्हटले, "बाईंना विचार."